सुयांचा उपचार : आशा किती धरावी ?



ज्या घरांत गुडघेदुखीचें किंवा कंबरदुखीचें एकहि माणूस नाहीं, असें घर शहरांत शोधूनच काढावें लागेल. तेल चोळून झालें, शेक झाला, लेप झाला, डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या आणि तरीहि दुखणें हटेना, म्हणजे कोणी तरी आप्तेष्ट म्हणतो, "आतां एकदां ॲक्युपंक्चर करून पाहा." हें ऐकतांच रोग्याच्या मनांत दोन विचार उभे राहतात. एक भीतीचा : अंगांत दहावीस सुया टोचून घ्यावयाच्या ? दुसरा आशेचा : न जाणो, या सुयांनींच गुण यावयाचा असेल ! आज मला या भीतीविषयीं आणि या आशेविषयीं बोलावयाचें आहे. मी पाश्चात्त्य वैद्यकांत वाढलेला डॉक्टर आहें, आणि कंबरदुखीचा जुना रोगीहि आहें. त्यामुळें तपासणीच्या टेबलाच्या दोन्ही बाजू माझ्या परिचयाच्या आहेत.

ही विद्या चीनची. चिनी भाषेंतील तिच्या नांवाचा अर्थ 'सुई आणि डाग' असा आहे. कारण सुई टोचण्याबरोबरच एका वाळविलेल्या वनस्पतीची धग त्वचेला देण्याची चाल तेथें पूर्वापार आहे. ती वनस्पति आपल्या दवण्याच्याच कुळांतली. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या एका चिनी राजपुत्राच्या थडग्यांत सोन्याच्या व चांदीच्या सुया सांपडल्या आहेत. इ. स. १०२७ च्या सुमारास सम्राटाच्या आज्ञेनें पुरुषभर उंचीचे कांशाचे पुतळे ओतविले गेले. त्यांच्या अंगावर टोचण्याच्या जागा भोकें पाडून दाखविल्या होत्या. परीक्षेच्या वेळीं पुतळ्यावर मेण लिंपून आंत पाणी भरीत. विद्यार्थ्याची सुई बरोबर जागीं लागली तर पाणी बाहेर येई, असें सांगतात. परंतु खुद्द चीनमध्येंहि या विद्येचे दिवस सदैव सारखे नव्हते. १८२२ सालीं बादशाही वैद्यकशाळेंतून तिचें उच्चाटन झालें होतें. तेव्हां केवळ प्राचीन म्हणून एखादी गोष्ट खरी मानूं नये, आणि परकी म्हणून खोटीहि मानूं नये.

महाराष्ट्राचा या कथेशीं एक दूरचा पण हृद्य संबंध आहे. १९३८ सालीं हिंदुस्थानांतून चीनला जें वैद्यकीय पथक गेलें, त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीस शल्यवैद्य होते. सेवा करतां करतां १९४२ सालीं त्यांनीं तेथेंच देह ठेवला. त्यांचे बंगाली सहकारी डॉ. विजयकुमार बसू हे मात्र पुढें पुन्हां चीनला गेले, ही सुयांची विद्या शिकले आणि त्यांनीं कलकत्त्यांत तिचा प्रसार केला.

आतां प्रत्यक्ष उपचाराकडे वळूं. पहिल्या भेटींत सुयांपेक्षां प्रश्नच अधिक असतात. झोंप कशी लागते, भूक कशी आहे, शौचास कसें होतें, दुखणें थंडीनें वाढतें कीं श्रमानें, अशी चौकशी होते. जीभ पाहतात आणि दोन्ही मनगटांची नाडी बोटांनीं चाचपतात. आपल्या आजोबांच्या काळच्या वैद्यांची ज्यांना आठवण आहे, त्यांना हें सारें ओळखीचें वाटेल. मग सैल कपड्यांनिशीं पालथें किंवा उताणें निजवितात, त्वचा पुसतात आणि सुया टोंचतात.

या सुया इंजेक्शनच्या सुयांसारख्या नसतात. त्या भरीव, केसाहून थोड्याच जाड आणि लवचिक असतात. टोंचतांना मुंगी चावल्यासारखें होतें. कित्येकदां तेंहि कळत नाहीं. नंतर आंत एक जडपणा, ठणका किंवा मुंग्या आल्यासारखी संवेदना होते. चिनी वैद्य तिला शुभ मानतात. परंतु झिणझिणी किंवा तीव्र कळ आल्यास मुकाट्यानें सोसूं नये, तत्काळ सांगावें. कंबर दुखत असतां सुई पायाच्या पोटरीवर कां, असें आश्चर्य वाटेल. चिनी मताप्रमाणें शरीरांत प्राणशक्तीचे मार्ग आहेत, आणि एका ठिकाणचें दुखणें त्याच मार्गावरील दुसऱ्या ठिकाणाहून आवरतां येतें. असे मार्ग शवविच्छेदनांत कोणास दिसलेले नाहींत, हेंहि येथेंच सांगून ठेवतों. सुया वीस ते तीस मिनिटें तशाच ठेवतात. त्या वेळांत बहुतेकांना गुंगी येते. मला तर चक्क झोंप लागली होती.

उठल्यावर थोडें हलकें वाटतें, क्वचित् थकवा येतो. सुईच्या जागीं रक्ताचा थेंब येणें किंवा लहानसा काळानिळा डाग पडणें यांत घाबरण्यासारखें कांहीं नाहीं. उपाशीपोटीं गेलेल्या माणसाला मात्र घेरी येऊं शकते; म्हणून थोडें खाऊन जावें. एका बैठकीनें चमत्कार होईल ही अपेक्षा नसावी. साधारणतः सहा ते दहा बैठकी घेऊन मग हिशेब करावा. तेवढ्यानेंहि फरक न पडल्यास पुढें पैसा आणि वेळ दवडूं नये.

मग गुण खरोखर येतो काय ? येथें मी आपणांस जर्मनींतील एका मोठ्या प्रयोगाची हकीकत सांगतों. २००७ सालीं ती प्रसिद्ध झाली. जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रोग्यांचे तीन गट केले. एका गटाला शास्त्रोक्त जागीं सुया टोंचल्या. दुसऱ्याला भलत्याच जागीं आणि वरवर टोंचल्या. तिसऱ्याला औषधें, व्यायाम इत्यादि रूढ उपचार दिले. सहा महिन्यांनीं पाहिलें तों पहिल्या गटांत शेंकडा ४८, दुसऱ्यांत ४४ आणि तिसऱ्यांत अवघे २७ लोकांना समाधानकारक आराम होता. या आंकड्यांतून दोन धडे निघतात. सुयांनीं आराम पडला हें खरें; पण सुई कोठें टोंचली याला फारसें महत्त्व दिसलें नाहीं, हेंहि तितकेंच खरें. टोंचण्यानें शरीरांत वेदनाशामक द्रव्यें सुटतात. शिवाय कोणी आपुलकीनें विचारपूस करतो, अर्धा तास स्वस्थ पडावयास मिळतें आणि मनांत आशा असते. या सर्वांचा तो मिळून गुण असावा. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शक मंडळानें २००९ सालीं कंबरदुखीसाठीं या उपचाराची शिफारस केली आणि २०१६ सालीं ती मागें घेतली. अर्धशिशी टाळण्यासाठीं मात्र ती कायम ठेवली. असा हा समतोल आहे. माझी स्वतःची कंबर आठ बैठकींनंतर बरीच मोकळी झाली. सुयांनीं, कीं विश्रांतीनें, कीं काळानें, हें मी शपथेवर सांगूं शकणार नाहीं.

परंतु दुखणें थांबविणें वेगळें आणि रोग बरा करणें वेगळें. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांचा डावा खांदा दुखत असे. खांदा धरला, असें त्यांनीं स्वतःच ठरविलें आणि सुयांच्या बैठकी सुरू केल्या. टेबलावर स्वस्थ पडलें कीं दुखणें थांबे, म्हणून त्यांचा विश्वास दुणावला. एके दिवशीं त्यांच्या पत्नीनें सहज मला म्हटलें, "अहो डॉक्टर, यांचा खांदा जिना चढतांनाच कां दुखतो हो ?" त्या माउलीच्या त्या एका प्रश्नानें तिचें कुंकू राखलें. दुखणें खांद्याचें नव्हतेंच, हृदयाचें होतें. विश्रांतीनें जें थांबत होतें, त्याचें श्रेय सुयांना मिळत होतें. येथें सुयांचा दोष नव्हता. रोगाचें निदान होण्यापूर्वींच उपचार सुरू झाला, ही चूक होती.

म्हणून माझें सांगणें एवढेंच : आधीं निदान, मग सुया. छातींत, जबड्यांत किंवा डाव्या हातांत श्रमानें येणारी कळ, अकारण घटणारें वजन, नवी गांठ, एकाएकीं आलेली बधिरता, यांसाठीं आधीं डॉक्टरांकडे जावें. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या सुयांच्या भरंवशावर बंद करूं नयेत. रक्त पातळ करण्याचें औषध चालू असेल, हृदयांत यंत्र बसविलें असेल किंवा घरांतली लेक-सून गरोदर असेल, तर तसें आधीं सांगावें. सुयांचें पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फोडलें जावें आणि वापरलेल्या सुया फेंकून दिल्या जाव्यात, असा आग्रह धरावा. अस्वच्छ सुईनें काविळीसारखे रोग पसरतात. छातीवर वा पाठीवर खोल टोंचल्यास क्वचित् फुप्फुसाला इजा होते, म्हणून उपचारक शिकलेला असावा. केंद्र सरकारनें २०१९ सालीं या पद्धतीला मान्यता दिली असून महाराष्ट्रांत तिच्यासाठीं स्वतंत्र कायदाहि आहे. तेव्हां नोंदणी आहे काय, हें विचारण्यांत संकोच कसला ?

भीति फारशी धरूं नये, कारण सुई बारीक आहे. आशा धरावी, पण तीहि सुईइतकीच बारीक असावी. आणि जिना चढतांना आपल्या माणसाला काय होतें, इकडे घरांतल्या कोणाचें तरी लक्ष असूं द्यावें.