विरोधी बाकांचे मोल
(काष्टी येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



काष्टीच्या जनावरांच्या बाजारात दात पाहिल्यावाचून बैल कोणी विकत घेत नाही. विकणारा कितीही भला माणूस असो, केवळ त्याच्या शब्दावर पैसे मोजले जात नाहीत. बैल चालवून पाहतात, खूर पाहतात, मगच सौदा ठरतो. यात विकणाऱ्याचा अपमान झाला असे कोणी मानीत नाही. राज्यकारभारात हीच पारख जनतेच्या वतीने करणे हे विरोधी पक्षाचे काम आहे. परंतु ते काम करणाऱ्यास विकासाचा शत्रू, प्रसंगी देशाचा वैरी ठरविण्याची रीत अलीकडे रूढ होऊ पाहत आहे. म्हणूनच विरोधी बाकांचे मोल पुन्हा एकदा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

विरोधी पक्षाचे बळ केवळ डोकी मोजून ठरत नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारविरुद्ध लोकसभेच्या इतिहासातील पहिला अविश्वासाचा ठराव मांडला. ठरावाच्या बाजूने ६२ मते पडली, विरुद्ध ३४७. ठराव फेटाळला जाणार हे मांडणारेही जाणून होते. पण त्याच चर्चेत, पोटनिवडणुकीतून नुकतेच सभागृहात आलेल्या डॉ. राममनोहर लोहियांनी या देशातील सत्तावीस कोटी माणसे रोज तीन आण्यांवर जगतात असे बजावले. सरकारपक्षाने पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. वाद पेटला, हिशेब मांडावे लागले आणि गरिबाची मिळकत हा देशाच्या सर्वोच्च सभागृहातील प्रश्न झाला. मतदानात हरलेला विरोधी पक्ष प्रश्नात जिंकू शकतो, तो असा.

विरोधी बाके रिकामी झाली की काय घडते, याचा धडा १९७५ सालाने दिला. २५ जूनला आणीबाणी पुकारली गेली आणि विरोधी खासदार तुरुंगात गेले, राजापूरचे प्रा. मधु दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते. त्या अवस्थेत ऑगस्टमध्ये पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी घटनादुरुस्ती काही दिवसांत संमत झाली. पुढील वर्षी बेचाळिसाव्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षे केली. सभागृह भरत होते, हात वर होत होते, कायदे होत होते. फक्त विचारणारे नव्हते. मुदत वाढविली गेली तेव्हा, जनतेने पाच वर्षांपुरतेच पाठविले होते या भूमिकेतून तुरुंगातील मधु लिमयेंनी लोकसभेच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला.

या पार्श्वभूमीवर १९७७ सालची एक गोष्ट कार्यकर्त्यांनी विसरू नये. तुरुंगातून सुटून सत्तेवर आलेल्या जनता पक्षाच्या सरकारने त्याच वर्षी विरोधी पक्षनेत्याला वेतन व दर्जा देणारा कायदा केला. त्या वेळी लोकसभेत विरोधी पक्षनेते होते काँग्रेसचे यशवंतराव चव्हाण. काल ज्यांच्या राजवटीत तुरुंग भोगला, त्यांच्याच नेत्याला आज कायद्याने मानाची जागा द्यावयाची, यात लोकशाहीची खरी समज होती. विरोधी पक्षाचा मान हा सत्ताधाऱ्याच्या मेहेरबानीचा भाग नाही, हे त्या कायद्याने मान्य केले.

त्या कायद्यात सदस्यसंख्येच्या एक-दशांशाची अट नाही. ती सभापतींच्या जुन्या प्रथेतून आली. तरीही तीच अट पुढे करून २०१४ ते २०२४ ही दहा वर्षे लोकसभा विरोधी पक्षनेत्याविना चालली. याचा फटका नगर जिल्ह्याला वेगळा सांगावा लागू नये. श्रीगोंद्याच्या शेजारी पारनेर तालुका, आणि त्यातील राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर लोकपालाचा कायदा झाला. तो २०१४ च्या जानेवारीत अमलात आला. पहिला लोकपाल नेमला गेला २०१९ च्या मार्चमध्ये. निवड समितीत विरोधी पक्षनेता हवा आणि तो तर नाही, ही सबब मध्यंतरी पुढे केली जात होती. खुर्ची रिकामी ठेवावयाची आणि तिच्या रिकामेपणाचेच कारण सांगावयाचे, असा हा व्यवहार होता.

महाराष्ट्रात २०२४ च्या नोव्हेंबरातील निवडणुकीत २८८ पैकी एकाही विरोधी पक्षाला २९ जागा मिळाल्या नाहीत. त्यानंतर वर्ष उलटले तरी विधानसभेतील विरोधी पक्षनेत्याचे पद भरले गेले नाही. मतदाराने सरकारला मोठे बहुमत दिले हे मान्यच करावयास हवे. पण बहुमत राज्य करण्यासाठी असते. उत्तर न देण्याची ती सनद नव्हे.

आवाज नसला की नुकसान कोणाचे होते? डिसेंबर १९७२ असो की डिसेंबर २०२३, ते शेतकऱ्याचे आणि मजुराचेच होते. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली. त्याच अधिवेशनात दोन्ही सभागृहांतील १४६ विरोधी खासदार निलंबित झाले. बारामतीच्या सुप्रिया सुळे आणि शेजारच्या शिरूरचे अमोल कोल्हे त्यांत होते. कांद्याचा भाव कोसळत असताना या कांदा-पट्ट्याचे प्रतिनिधी सभागृहाबाहेर होते. तीन नवे फौजदारी कायदेही त्याच दिवसांत संमत झाले. बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतो. कायदा तसा ठरू नये, यासाठीच संसद आहे.

उलट, दोन्ही बाजू जाग्या असल्या म्हणजे काय साधते, याचे उदाहरणही याच राज्यातले. १९७२ च्या दुष्काळात विरोधी पक्षांनी कामासाठी आणि मजुरीसाठी रस्त्यावर व सभागृहात आवाज उठविला, वि. स. पागे यांच्यासारख्या सत्तापक्षातील विचारी नेत्याने योजनेला आकार दिला. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली विधिमंडळाने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. विरोध म्हणजे नुसता नकार नव्हे, हे यातून दिसते.

आता स्वतःच्या घरातील केर. विरोधी पक्ष दुबळा झाला तो केवळ सरकारच्या दडपणाने नव्हे. निवडून येताच पक्ष बदलणारे आमदार, अभ्यासाविना केलेला गोंधळ, अर्थसंकल्पावरील चर्चेच्या वेळी ओस पडलेली बाके, यांचाही त्यात वाटा आहे. सभात्याग हे शस्त्र आहे, सवय नव्हे. लोहियांपाशी बहुमत नव्हते. तीन आण्यांचा हिशेब होता.

तो हिशेब गोळा करण्याचे काम मुंबईत वा दिल्लीत होत नाही. कुकडीचे आवर्तन शेवटच्या चारीला किती दिवस उशिरा पोहोचले, कांद्याला बाजार समितीत काय भाव मिळाला, रोजगार हमीची मजुरी किती आठवडे थकली, याची तारखांसह नोंद गावातील कार्यकर्त्यानेच ठेवावयाची आहे. ती नोंद आमदाराच्या हाती गेली की तिचा तारांकित प्रश्न होतो, लक्षवेधी सूचना होते. आमदार आपल्या पक्षाचा नसला तरी ती द्यावी, आणि उत्तर आले का हे अधिवेशनानंतर त्याला विचारावे. विरोधी बाकावर माणसे थोडी असतील. त्यांच्या हातातील कागद खरा असला पाहिजे.