कवळीचा लेप

सगळे दात गेलेल्या माणसाची कवळी आणि चार-सहा दात गेलेल्या माणसाची कवळी यांत केवळ लहानमोठेपणाचा फरक नसतो. पूर्ण कवळी लाळेच्या पातळ थराच्या जोरावर टाळूला व हिरड्यांना धरून राहते. अर्धवट कवळीचा खरा आधार म्हणजे तोंडात शिल्लक राहिलेले दात. तिच्या तारेचे आकडे त्या दातांना विळखा घालून बसतात. म्हणून अशी कवळी हलू लागली की पहिली चौकशी करावयाची ती आकड्यांची आणि हिरडीची. लेपाची पाळी त्यानंतर येते.

प्रत्यक्षात मात्र घडते ते उलट. दात पडल्यावर जबड्याच्या हाडाला तोलून धरावयास काही उरत नाही व ते वर्षानुवर्षे झिजत जाते. काल नीट बसणारी कवळी आज जेवताना उचलली जाते, तिच्या खाली भाताचे शीत अडकते, चारचौघांत बोलताना जीव धास्तावतो. दंतवैद्याकडे जावयाचा कंटाळा, शिवाय खर्चाची धास्ती; मग औषधाच्या दुकानातून लेपाची नळी घरी येते. काही गृहस्थ तर पकडीने आकडा स्वतःच वाकवितात, आणि ज्या दाताच्या भरवशावर सारा संसार चाललेला असतो तोच दात हलका करून ठेवतात.

लेप सर्वस्वी वाईट आहे असे नव्हे. ज्यांचे मागच्या बाजूचे दात गेले आहेत व कवळीचे शेवट नुसते हिरडीवर टेकतात, ज्यांच्या तोंडात लाळ कमी सुटते, किंवा ज्यांची कवळी दुरुस्त व्हावयास अवकाश आहे, त्यांना दंतवैद्य स्वतःच तो सुचवितात. तो कशाचा असतो हे मात्र जाणून घ्यावयास हवे. काही जुन्या भुकट्यांत कांडोळाचा डिंक असे. पांढुरक्या सालीचे, उन्हाळ्यात निष्पर्ण उभे राहणारे हे झाड आपल्या मध्य भारतातील रानांना अपरिचित नाही. हा डिंक लाळेत फुगून उत्तम चिकटतो. पण तो आंबटही असतो. पूर्ण कवळीवाल्याला त्याचे काही विशेष नाही. ज्याच्या तोंडात खरे दात आहेत, त्याच्या दातांच्या कवचाला मात्र ती आम्लता पोचू शकते. आजच्या बहुतेक लेपांत कृत्रिम घटक असतात व ही अडचण कमी झाली आहे.

दुसरी अडचण अधिक गंभीर निघाली. चिकटपणा टिकावा म्हणून कित्येक लेपांत जस्त, म्हणजेच झिंक, घालीत. २००८ साली अमेरिकेतील डॅलस येथील मज्जाविकारतज्ज्ञांनी ४ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. हातापायांना बधिरता, चालताना तोल जाणे, अशक्तपणा. रक्तात जस्त फार आणि तांबे अगदी कमी. हे लोक वर्षानुवर्षे आठवड्याला दोन-दोन नळ्या, कधी त्याहूनही अधिक, वापरीत होते. लेप लाळेबरोबर थोडाथोडा पोटात जातोच. आतड्यात जस्ताची गर्दी झाली की तांबे शोषले जात नाही, आणि तांब्यावाचून रक्त व मज्जातंतू दोन्ही खंगतात. त्या लेपांच्या एका ग्रॅममध्ये १७ ते ३४ मिलिग्रॅम जस्त आढळले. निरोगी पुरुषाला दिवसाची गरज असते ११ मिलिग्रॅमची. तांबे दिल्यावर रक्त सुधारले, मज्जातंतूंची हानी मात्र बहुतांशी तशीच राहिली. २०१० मध्ये एका मोठ्या उत्पादकाने जस्त असलेले आपले लेप बाजारातून काढून घेतले. तरीही वेष्टन वाचून जस्तविरहित लेप घेणे इष्ट. आणि मापाचा अंदाज हवा असेल तर, अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या हिशेबाने, वरची व खालची अशा दोन्ही पूर्ण कवळ्या वापरणाऱ्याला ६८ ग्रॅमची नळी सात-आठ आठवडे पुरावी. अर्धवट कवळीला याहून पुष्कळच कमी लागते.

लावण्याची रीत साधी आहे. कवळी स्वच्छ घासून घ्यावी. हिरडीवर टेकणाऱ्या भागावर मटाराच्या दाण्याहून लहान असे दोन-तीन ठिपके, काठापासून आत, ठेवावेत. आकड्यांवर व खऱ्या दातांच्या बाजूस लावू नये. कवळी बसवून काही क्षण घट्ट दाबून धरावी. लेप बाहेर ओघळला तर तो अधिक झाला असे समजावे, आणि दिवसातून एकदाच लावावा. ज्याला दुपारी पुन्हा लावावा लागतो, त्याची कवळी बदललेल्या हिरडीला जुळत नाही. आतून नवा थर देऊन ती जुळविण्याचे काम दंतवैद्याचे. घरातील वस्तू सांधण्याचा झटपट सुकणारा गोंद तर तोंडाजवळही नेऊ नये.

रात्री कवळी काढलीच पाहिजे. एक-दोन दातांची लहान कवळी झोपेत घशात उतरल्याची उदाहरणे आहेत, आणि प्लॅस्टिकची कवळी क्ष-किरणांच्या चित्रात सहसा दिसतही नाही. काढल्यावर हिरडीवर उरलेला लेप कोमट पाण्याच्या चुळांनी व ओल्या मऊ फडक्याने पुसावा, कारण त्या थराखाली बुरशी वाढते. आकड्यांनी धरलेले दात आतून-बाहेरून घासावेत. अन्न अडकून किडतात ते प्रथम तेच. कवळी वेगळ्या ब्रशाने, दंतमंजनाशिवाय, भांड्यात पाणी घेऊन त्यावर धुवावी, म्हणजे हातून निसटली तरी फुटत नाही. उकळते पाणी तिच्यावर ओतू नये, तिचा आकार बिघडतो. साध्या गार पाण्यात बुडवून ठेवलेली कवळी सकाळपर्यंत सुरक्षित असते.