गाठ दुखत नाही, म्हणून…
(राधानगरी येथे महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



मार्कच्या शुभवर्तमानातली ती रक्तस्रावी स्त्री आपल्याला ठाऊक आहे. १२ वर्षांत जवळचं सारं वैद्यांवर खर्चून झालं होतं आणि ती गर्दीत लपत मागून आली. पैसा आणि लाज. दाजीपूरच्या रानालगतच्या धनगरवाड्यांत आजही आपल्या बहिणींना हीच दोन ओझी अडवतात.

स्तनातली गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून बाई रोपलावण उरकते, सुगी उरकते, आजार अंगावर काढते.

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पण तपासल्याशिवाय ते कळत नाही. मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून २० वर्षं दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या जणींची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासणी केली. त्या गटात पन्नाशीपुढच्या स्त्रियांचे या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले.

उपचारांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. पण निदान होईपर्यंतच्या कोल्हापूरच्या फेऱ्या, बुडालेला रोज, सोबतीची बाई, हा भार घरावरच पडतो. आपलं दान त्यासाठी हवं आहे.

आणि भगिनींनो, दानाबरोबर तुमचा एक दिवसही द्या. तपासणीला तिच्यासोबत एसटीत बसा. प्रभूने त्या स्त्रीला मुली म्हणून हाक मारली. आपण निदान बहीण म्हणू या.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.