घरातील साठवण आणि झिलमिलीची दारे
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



ग्रंथालयाच्या शताब्दी-सोहळ्यात कपाटाच्या दारांविषयी बोलावे, हे प्रथमदर्शनी काहीसे विजोड वाटेल. परंतु ग्रंथालयाने लावलेल्या वाचनाच्या गोडीतून घरोघर जे लहानमोठे संग्रह उभे राहतात, त्यांचे आयुष्य अखेर घरातल्या कपाटावर अवलंबून असते. ग्रंथालयातील पुस्तकांना राखणदार असतो. घरातल्या पुस्तकाला फक्त कपाट असते.

हा विचार जामसांवलीच्या परिसराला विशेष लागू पडतो. निद्रिस्त हनुमानाच्या स्थानामुळे हे गाव सर्वदूर परिचित आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूरसह विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर-पांढुर्णा हा मराठीभाषक पट्टा मध्य प्रदेशात राहिला. 2023 साली छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला. शाळा-कचेरीचा व्यवहार मुख्यतः हिंदीत आणि घरातले बोलणे मराठीत, अशी येथील अनेक कुटुंबांची रीत आहे. अशा घरातील जुनी पोथी, आजीच्या हातची ओव्यांची वही, आजोबांनी जपलेले मासिकांचे अंक हे केवळ कागद नव्हेत. छापील पुस्तकाची दुसरी प्रत कदाचित नागपुरास मिळेल. वहीची दुसरी प्रत कोठेच नसते.

येथील हवामान मात्र कागदाला आणि कापडाला अनुकूल नाही. वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत होते आणि लाकूड आक्रसते. मृग बरसला की तीच हवा ओलाव्याने जड होते आणि लाकूड फुगते. हवेतील सापेक्ष आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली, तर बुरशीला पोषक स्थिती निर्माण होते. पावसाळ्यात बाहेरची भिंत भिजून थंड पडते. तिला चिकटून ठेवलेल्या बंद कपाटातली हवा हलत नाही. ती भिंतीलगत थंडावते आणि तेवढ्या जागेत दमटपणा अधिकच वाढतो. म्हणूनच बुरशीचा पहिला डाग बहुधा मागच्या रांगेतील पुस्तकावर किंवा तळाशी घडी करून ठेवलेल्या शालूवर दिसतो.

जुन्या घरांना हे ठाऊक होते. कोणती वस्तू वाऱ्यावर ठेवावी आणि कोणती वाऱ्यापासून जपावी, याचा विवेक तेथे होता. दुधादह्यासाठी जाळीचे कपाट असे. लोणी आणि विरजण शिंक्यावर टांगले जाई. कांद्यासाठी चाळ असे. तिच्या भिंती फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्यांच्या किंवा बांबूच्या आणि तिचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला असतो, कारण कांदा साठवणीतही श्वास घेत राहतो आणि ओलावा सोडतो. संत्र्यांची लाकडी खोकीही फटी ठेवूनच ठोकली जात. याउलट धान्याची कणगी शेणामातीने लिंपून बंद केली जाई, कारण वाळलेल्या धान्याला हवा लागली की ओलावा आणि किडे दोन्ही आत शिरतात. तेव्हा ‘हवेशीर ते सर्व चांगले’ असे सरसकट म्हणता येत नाही. दार निवडण्याआधी त्याच्यामागे काय राहणार आहे, हे ठरवावे लागते.

पट्ट्यांच्या दाराला जुन्या मराठीत झिलमिली म्हणत. मुंबईच्या जुन्या इमारतींच्या खिडक्यांना आणि गोव्यातील पोर्तुगीजकालीन घरांना अशा तिरप्या पट्ट्यांची झडपे आजही दिसतात. ऊन आणि पावसाची झड बाहेर ठेवून वारा आत घेणे, हे त्यांचे काम. तीच योजना कपाटाच्या दारासाठी उपयोगी पडते. तिचा दुसरा गुण सुतारकामाचा आहे. लाकूड लांबीत फारसे हलत नाही. ते रुंदीत फुगते आणि आक्रसते. रुंद अखंड फळीचे दार म्हणूनच पावसाळ्यात अडकते आणि उन्हाळ्यात पिळवटते. झिलमिलीतील प्रत्येक पट्टी अरुंद असल्यामुळे तिची हालचाल अल्प असते आणि चौकटीच्या खाचेत तिला हलण्यास वावही मिळतो. मात्र त्यासाठी पट्ट्या खाचेत सैलसर बसवाव्यात. खिळ्याने किंवा सरसाने दोन्ही टोके जखडली, तर हा लाभ हरपतो.

लाकडात सातपुड्याचे सागवान या कामाला उत्तम, कारण ते तुलनेने कमी हलते आणि त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. हा गुण गाभ्याचा आहे. सालीलगतच्या फिकट भागाचा नव्हे. पट्ट्या पातळ असल्याने त्यांत फिकट लाकूड खपविण्याचा मोह होतो, म्हणून रंध्यानंतर आणि पॉलिशपूर्वी त्या पाहून घ्याव्यात. लाकूड पुरते वाळलेले असावे. पट्टीची रुंदी दीड ते दोन इंच आणि जाडी पाव इंचाच्या आसपास पुरते. पट्ट्यांचा उतार बाहेरच्या बाजूस खाली असावा आणि वरच्या पट्टीची कड खालच्या पट्टीवर किंचित यावी. त्यामुळे उजेड थेट आत पडत नाही आणि बरीचशी धूळ बाहेरच्या अंगाला साचून पुसता येते. पूर्ण दार पट्ट्यांचे करणे परवडत नसेल, तर तळाशी आणि माथ्याशी पट्ट्या आणि मध्ये सपाट फळी ठेवावी. गरम हवा वर जाते आणि खालून तिची जागा भरून निघते, एवढ्यावर काम भागते.

परंतु केवळ दाराने कपाट हवेशीर होत नाही. कपाटाची पाठ भिंतीपासून दोन-तीन इंच सुटी असावी आणि पाय चार-सहा इंच उंच असावेत. आतील फळ्या पाठीपर्यंत टेकवू नयेत; मागे बोटभर फट ठेवावी. कपाट गच्च भरले, तर उत्तम झिलमिलीही निरुपयोगी ठरते. अंथरूण-पांघरूण, रोजचे कपडे, पादत्राणे आणि कांदे-लसूण यांना असे दार हितकर आहे. चुलीजवळच्या कपाटाला ते लावू नये, कारण तेलकट काजळी पट्ट्यापट्ट्यांवर बसते आणि निघता निघत नाही. धान्य, डाळी आणि लोणची यांना घट्ट झाकणाचा डबा किंवा बरणीच हवी.

पुस्तकांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. काचेचे दार धूळ अडविते. पण पावसाळ्यात आत शिरलेला दमटपणाही अडवून ठेवते. झिलमिली हवा खेळती ठेवते. पण धुळीला आणि कसरीला वाट देते. म्हणून पुस्तकांसाठी पट्ट्यांच्या मागून बारीक जाळी लावावी आणि दुर्मीळ वही किंवा पोथी सुती वस्त्रात गुंडाळून त्या कपाटात लाकडी पेटीत ठेवावी. जपानमधील नारा येथील शोसोइन भांडार आठव्या शतकातले आहे. उंच खांबांवरील त्या लाकडी इमारतीत बाराशेहून अधिक वर्षे वस्त्रे आणि कागदपत्रे टिकली. त्याचे श्रेय उचललेल्या जमिनीइतकेच, वस्तू ज्यांत ठेवल्या त्या लाकडाच्या पेट्यांना आणि दर शरद ऋतूत कोठार उघडून वस्तू तपासण्याच्या परिपाठाला दिले जाते.

आपल्याकडे हा परिपाठ दसऱ्याच्या सरस्वतीपूजनात सहज बसतो. पूजेसाठी एकच पुस्तक पाटावर न ठेवता कपाट पूर्ण रिकामे करावे, पुस्तके सावलीत उभी उघडून ठेवावीत, फळ्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात आणि वेखंडाची पुरचुंडी बदलावी. ऐन पावसात, धुकट सकाळी दारे उघडी टाकू नयेत. बाहेरची हवा आतल्याहून दमट असेल, तर वारा वाळवीत नाही, उलट भिजवितो. उघडीप पडल्यावर, दुपारच्या कोरड्या वेळी ती उघडावीत.

वाचनालयाच्या सभासदांपैकी अनेकांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळची मराठी पुस्तके आणि हस्तलिखिते असतील. ती वाचनालयास देणे हा एक मार्ग आहे. ज्यांना ती घरीच ठेवावयाची आहेत, त्यांनी निदान यंदाच्या दसऱ्याला कपाटाची मागची रांग काढून पाहावी. तेथे डाग आढळला, तर नवे कपाट घेण्याची घाई नको. आहे तेच कपाट भिंतीपासून तीन बोटे पुढे ओढावे आणि मग सुताराला बोलावून दाराचा विचार करावा. पुढच्या पिढीला मराठी वाचावीशी वाटेल तेव्हा घरातली वही वाचण्याजोगी राहिलेली असावी, एवढ्यासाठी ही सारी खटपट.