दिंडीचा कारभार आणि तक्रारीचा टाळ

(शताब्दी मेळाव्यात व्यवस्था मंडळींच्या वतीने झालेले भाषण)





दिंडीला शंभर वर्षे झाली. त्यानिमित्त व्यवस्थेच्या मंडळींनी चार शब्द बोलावेत, असे ठरले. निरूपण हा आमचा प्रांत नव्हे. आम्ही भिशी गोळा करणारे, टेम्पो ठरवणारे, तंबूच्या मेखा मोजणारे लोक. तेव्हा बोलायचे ते कारभाराबद्दलच.

डहाणू-तलासरीची आपली बरीच पोरे आज वापी, उंबरगाव, बोईसरच्या कारखान्यांत आहेत. ती सांगतात की कंपनीत ट्रेनिंग असते. टीम कशी बांधावी, लीडरने कसे वागावे, हाताखालच्या माणसाशी कसे बोलावे. चांगलीच गोष्ट आहे, शिकावे. पण शिकून घरी आल्यावर आपल्या दिंडीकडेही एकदा त्या नजरेने पाहावे.

दिंडीत पुढे पताका, मग दोन रांगांत टाळकरी, त्यांच्यात मृदंग, मागे विणेकरी आणि मग तुळस व हंडे घेतलेल्या महिला. ज्याची त्याची जागा ठरलेली. पण जागा ठरलेली असली तरी ती कोणाच्या मालकीची नाही. विणेकरी थकला की वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. वीणा खाली ठेवायची नाही, एवढाच नियम. माणूस बदलतो, काम थांबत नाही. किती संस्थांमध्ये अध्यक्ष बदलताना असे पाया पडणे होते, ते तुम्हीच सांगा.

ही शिस्त आपोआप आलेली नाही. आळंदीहून माऊलींचा पालखी सोहळा आजच्या रूपात सुरू केला तो हैबतबाबा आरफळकरांनी, 1832 च्या सुमारास. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हे गृहस्थ ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. फौज चालवलेल्या माणसाने सोहळ्याला क्रम दिला, मुक्काम दिले. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे आणि तंबू आले. आजही रथापुढे 27 दिंड्या आपापल्या क्रमांकाने चालतात आणि मागे कितीतरी. एवढा समाज सांभाळायला फौजेची शिस्त घेतली, पण फौजेचा धाक घेतला नाही.

हे कशावरून म्हणायचे? संध्याकाळच्या समाजआरतीवरून. आपल्यातले जे आषाढीला माऊलींबरोबर चालले आहेत, त्यांनी हे पाहिले आहे. मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा गजर चालू असतो. चोपदार चोप उंचावतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ थांबवत नाही. वाजवतच राहते. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातो, काय झाले ते ऐकून घेतो. तक्रारीचे निवारण झाले की तो टाळ थांबतो. हरवले-सापडले ते सांगितले जाते, उद्या निघायची वेळ सांगितली जाते आणि मग आरती.

आमच्या मते सगळ्या व्यवस्थापनाचे सार इथे आहे. यात दोन गोष्टी बघा. एक म्हणजे, सगळे गप्प असताना टाळ वाजवणे हा बेशिस्तपणा धरत नाहीत, तो हक्क धरतात. दुसरी म्हणजे, तक्रारवाल्याला बोलावणे जात नाही. चोपदार स्वतः चालत त्याच्याकडे जातो.

आपल्या तालुक्यांना या दोन्ही गोष्टींची किंमत चांगली ठाऊक आहे. वेठ आणि लग्नगडी ही पद्धत आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगली. लग्नासाठी सावकाराचे कर्ज घ्यायचे आणि मग नवरा-बायकोने त्याच्याकडे राबत राहायचे. तक्रार करायची कुठे? ऐकणारेच मारणारे होते. शेवटी मे 1945 मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असे त्यांनी ठरवले. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्या सोबत होते. त्यांचे राजकारण कोणाला पटो न पटो, पण जिथे टाळ वाजवायला जागा नसते तिथे एक दिवस सगळेच उठतात, हे झरीने दाखवले.

त्याच 1945 साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. वस्तीवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी पालकांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर काम सुरू झाले. तिथे गुरे राखणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणात गेली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर चालतो, तो आपल्या या मातीतून गेलेला आहे. अशी ही चोपदाराचीच चाल. अडचण असेल तिथे पुढाऱ्याने चालत जायचे.

आता आपला विषय. यंदा दिंडीची रीतसर न्यास म्हणून नोंदणी करावी असे चालले आहे. 1950 च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी झाली की विश्वस्त येतील, हिशेब तपासले जातील, बदल झाला की धर्मादाय कार्यालयाला कळवावे लागेल. हे व्हायलाच पाहिजे. भिशीचा पैसा गरिबाच्या मजुरीतून येतो, त्याचा हिशेब कागदावर हवा.

पण कागदावर अध्यक्ष, सचिव, खजिनदार असतो. टाळ वाजवत राहणाऱ्यासाठी कागदावर रकाना नसतो. आणि वारकरी माणूस भांडून दिंडी सोडत नाही. पुढच्या वर्षी भिशी देत नाही, एवढेच. पौषात त्र्यंबकला निघालो की कासा, जव्हार, मोखाडा करत जाताना थंडीत कोणाला पांघरूण कमी पडले, कोणत्या बाईला आंघोळीला आडोसा मिळाला नाही, कोणाला पंगतीत मागे बसवले, हे त्याच रात्री कळले तर दिंडी टिकते. वर्षाच्या सभेत कळून काय उपयोग?

म्हणून आमचे तीन गोष्टींचे मागणे आहे. नियमावली करताना त्या आत घ्याव्यात. रोज हरिपाठानंतर ज्याची तक्रार असेल त्याने टाळ वाजवावा आणि व्यवस्थेतल्या माणसाने उठून त्याच्यापाशी जावे. भिशीचा जमाखर्च परतीच्या मुक्कामी सर्वांसमोर वाचून दाखवावा, कारण सगळ्यांनाच वाचता येत नाही. आणि ज्याच्या गळ्यात वीणा, त्याच्या हाती तिजोरी नको. दोन्हींचा मान वेगळा राहू द्या.

शंभर वर्षे वीणा खाली ठेवली गेली नाही, ती ज्येष्ठांच्या पुण्याईने. पुढची शंभर वर्षे सगळ्यात मागे चालणाऱ्याचा टाळ पुढे ऐकू गेला, तर दिंडी अशीच चालत राहील.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!