हिवताप आणि श्रमशक्ती

हिवताप हा केवळ वैद्यकाचा विषय नाही. तो राष्ट्राच्या श्रमशक्तीचा प्रश्न आहे. १९४७ साली देशात वर्षाला सुमारे ७.५ कोटी लोकांना हा रोग होत असे आणि ८ लाख दगावत, असा अंदाज होता. १९५३ पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेने तो पुष्कळ आटोक्यात आणला. तराईची ओसाड भूमी नांगराखाली आली. पुढे शैथिल्य आले आणि १९७६ मध्ये रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली.

आज हे प्रमाण बरेच घटले असले, तरी गडचिरोलीच्या वनपट्ट्यातून हा रोग हटलेला नाही. ऐन पावसाळ्यात, रोवणीच्या हंगामात तो मजुराला गाठतो. त्याचे जंतू तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात; म्हणून ताप उतरला तरी अशक्तपणा उरतो. रोजंदारीवर पगारी रजा नसते. त्याची मजुरी बुडते, शुश्रूषेला थांबलेल्या पत्नीचीही बुडते, आणि घर कर्जात जाते.

अशा मजुरावर आळशीपणाचा शिक्का मारण्यापूर्वी त्याचे रक्त तपासले जावे. वेळेवर तपासणी, औषधाचा पूर्ण क्रम, औषधभारित मच्छरदाणी आणि बांधकामावरील झाकलेल्या पाणीटाक्या, एवढी दक्षता श्रमिकाचे बळ राखू शकते. २०३० पर्यंत हिवताप निर्मूलनाचा संकल्प देशाने केला आहे. तो शासनाबरोबरच समाजानेही पाळायचा आहे.