रस्ता कोणाचा, तक्रार कोणाकडे? भिलाईच्या नागरी सेवांचा धडा



पावसाळ्यात रस्त्याला पडलेला खड्डा सर्वांना दिसतो. तो बुजवण्याची जबाबदारी कोणाची, हे मात्र सहसा कोणाला ठाऊक नसते. रात्रपाळीला सायकलवरून निघालेल्या कामगाराच्या दृष्टीने हा प्रश्न जिवाचा असतो. छत्तीसगढमधील भिलाई शहरात तो विशेष स्पष्टपणे समोर येतो.

भिलाई पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी 1955 मध्ये करार झाला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टरांत विभागलेली आखीव वसाहत उभी राहिली आणि तिचे रस्ते, दिवे, पाणी व गटारे यांचा भार कारखान्यानेच उचलला. भोवती सुपेला, खुर्सीपार, कॅम्प यांसारख्या वस्त्या वाढल्या. प्रथम विशेष क्षेत्र विकास प्राधिकरण आणि 1998 पासून महानगरपालिका, म्हणजे तेथील प्रचलित नावाने 'नगर पालिक निगम', अशी त्यांची व्यवस्था झाली. 2011 च्या जनगणनेनुसार निगमाच्या हद्दीत सुमारे सव्वासहा लाख लोक राहत होते. पुढे रिसालीचे स्वतंत्र निगम झाले व त्याची पहिली निवडणूक 2021 मध्ये पार पडली.

एक शहर, अनेक यंत्रणा

सेक्टरांतील रहिवासी निगमाचा नगरसेवक निवडून देतात. वसाहतीतील अंतर्गत रस्त्यांची देखभाल मात्र पोलाद कारखान्याचा नगर सेवा विभाग करतो. शहरातून जाणारा जी. ई. रोड, म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड, हा पूर्वीच्या राष्ट्रीय महामार्ग 6 चा आणि नव्या क्रमांकानुसार महामार्ग 53 चा मार्ग. काही रस्ते राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. त्यामुळे घरापासून बाजारापर्यंतच्या प्रवासात नागरिक दोन-तीन यंत्रणांच्या हद्दी ओलांडतो आणि त्या सीमा दाखवणारी रेघ रस्त्यावर कोठेही नसते.

राज्यघटनेच्या दृष्टीनेही हे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून अमलात आली. बाराव्या अनुसूचीतील 18 विषयांपैकी चौथा रस्ते व पूल यांचा आहे, तर पथदिवे सतराव्या विषयात येतात. त्याच वेळी, औद्योगिक आस्थापना जेथे नागरी सेवा पुरवते तेथे 'औद्योगिक नगरी' घोषित करून नगरपालिका स्थापन न करण्याची मुभा कलम 243 थ (क्यू) च्या परंतुकाने राज्यपालांना दिली आहे. भिलाईत मात्र निवडून आलेले निगम आणि सेवा पुरवणारा कारखाना दोन्ही एकाच शहरात नांदतात.

तक्रारीचा मार्ग

अशा परिस्थितीत नागरिकाने प्रथम रस्ता कोणाच्या ताब्यात आहे हे निश्चित करावे. निगमाच्या रस्त्यासाठी क्षेत्रीय कार्यालय, वॉर्डाचा नगरसेवक आणि राज्याची 'निदान 1100' ही दूरध्वनी सेवा. वसाहतीसाठी नगर सेवा विभाग. राष्ट्रीय महामार्गासाठी 1033 हा क्रमांक, अशी ही दारे आहेत. कारखाना केंद्रीय सार्वजनिक उपक्रमाचा असल्याने त्याच्याविषयीचे गाऱ्हाणे केंद्राच्या 'सीपीग्राम्स' या तक्रार निवारण प्रणालीवरही मांडता येते. 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तेथे साधारणतः 21 दिवसांत निवारण अपेक्षित आहे.

तक्रार लेखी असावी. जवळची खूण, खड्ड्याचा अंदाजे आकार, बंद दिव्याच्या खांबाचा क्रमांक, संभाव्य धोका आणि दिनांक यांची नोंद करून पोचपावती घ्यावी. पावतीवरील क्रमांकामुळे पुढील पाठपुरावा शक्य होतो. तोंडी तक्रारीचा मागमूस उरत नाही.

दाद मिळाली नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम 2005 उपयोगी पडतो. रस्त्याचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि ठेकेदारावर दुरुस्तीचे दायित्व कोणत्या तारखेपर्यंत आहे, ही माहिती मागता येते. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत आहे. निगमाविरुद्धचे दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे, तर कारखान्याविरुद्धचे केंद्रीय माहिती आयोगाकडे जाते. याच अधिनियमाच्या कलम 6(3) नुसार चुकीच्या कार्यालयात आलेला अर्ज पाच दिवसांच्या आत योग्य प्राधिकरणाकडे पाठवणे बंधनकारक आहे.

कायद्याचा आधार

निधी नाही, हे उत्तर पुरेसे ठरत नाही. मध्य प्रदेशातील रतलामच्या रहिवाशांनी उघडी गटारे व घाणीविरुद्ध दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली. नगरपालिकेने पैशाची अडचण सांगितली. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी ती सबब फेटाळली. त्या वेळचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 133 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 मध्ये आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये आलेल्या कलम 198-क नुसार रस्त्याच्या सदोष बांधणी वा देखभालीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला वा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रापुरते, मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

तरीही न्यायालय हा शेवटचा उपाय आहे. माहितीच्या अर्जाला जो न्याय कलम 6(3) ने दिला, तोच खड्ड्याच्या तक्रारीलाही मिळावयास हवा. तक्रार कोणत्याही दारी आली तरी ती स्वीकारून संबंधित यंत्रणेकडे पाठवणे आणि तसे तक्रारदाराला कळवणे, एवढी व्यवस्था झाली तरी बरेच हेलपाटे वाचतील. उद्या प्रशासनात जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे सूत्र ध्यानी ठेवावे: फिरावे तक्रारीने, तक्रारदाराने नव्हे.